ओलीवर येणारी करडई



आज करडईविषयी चार गोष्टी बोलू. तुम्ही म्हणाल, करडई आम्हाला काय सांगता? ती तर आमच्या आजोबांपासून रानात आहे. खरे आहे. पण गेल्या काही वर्षांत करडईची रानं कमी झाली. पाणी आले तिथे ऊस आला, हरभरा वाढला. ज्याच्या रानाला विहीर नाही त्याने काय करायचे? त्याच्यासाठी हे बोलणे आहे.

करडईची मुळी खोल जाते. काळ्या भारी जमिनीत खाली मुरलेली ओल ती शोधत जाते. म्हणून पावसाच्या ओलीवरच हे पीक निघते. पण ओल असेल तेव्हाच पेरले पाहिजे. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, ही कोरडवाहू करडईची वेळ.

माझीच गोष्ट सांगतो. एका वर्षी घरच्या अडचणीत माझी पेरणी महिनाभर लांबली. बी उगवले, रोपं बरी दिसली. पुढे थंडी पडली, आभाळ आले आणि मावा पडला. काळा बारीक किडा, शेंड्याला गच्च चिकटलेला. पानं चिकट झाली, झाडं वाळली. शेजाऱ्याची करडई वेळेवर पेरलेली. त्याच्याकडेही मावा आला, पण तोवर त्याची झाडं जून झाली होती. त्याच्या घरी वर्षाचे तेल आले. मी दुकानातून आणले.

मावा बांधाकडून आत शिरतो, बरं का. म्हणून रोज एक फेरी काठाने मारावी. काठावर दिसला की तिथेच आधी फवारावे. पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी गाळावी आणि पाणी घालून शंभर लिटर करावे. एवढ्याने आवरला नाही तर कृषी सहायकाला विचारून औषध घ्यावे. झाडावर ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर त्यांना मारू नका, ते मावा खातात.

एकरी चार किलो बी पुरते. दोन तासांत दीड फूट अंतर ठेवावे. उगवल्यावर दहा-बारा दिवसांनी विरळणी करून वीतभर अंतरावर एकेक रोप ठेवावे. उपटलेल्या रोपांची भाजी होते. ती बायकांना सांगायला नको. कोळपणी मात्र चुकवू नका. काळ्या रानाला भेगा पडतात आणि त्यांतून ओल उडून जाते. कोळप्याने भेगा बुजतात, तण जाते, ओल राहते.

एकाच रानात दरवर्षी करडई घेऊ नका. मर रोग मातीत राहतो. पाणी साचते तिथेही ती पेरू नये.

फूल आधी पिवळे, मग केशरी-लाल होते. पूर्वी या पाकळ्यांपासून कपडे रंगवत, तोच कुसुंबी रंग. आजही वाळलेल्या पाकळ्यांना गिऱ्हाईक आहे. फुलांवर मधमाश्या असतात, तेव्हा फवारणी टाळावी.

साडेचार महिन्यांनी पीक वाळते. शंभर किलो बियांत सुमारे तीस किलो तेल असते. घाण्यात ते सगळे निघत नाही, थोडे पेंडीत राहते. हे तेल फार दिवस ठेवले तर खवट होते. म्हणून लागेल तसे काढावे.

आता काट्यांचे. काढणीला माणूस मिळत नाही, हीच मोठी तक्रार. बायकांचे हात रक्ताळतात. पहाटे दंवात काढली तर काटे मऊ असतात आणि दाणाही गळत नाही. हाताला फडके बांधावे. गहू काढायच्या यंत्रानेही आता करडई निघते. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्यांचे वाणही काढले आहेत. त्यांच्या पाकळ्या वेचणे सोपे जाते.

बिनकाट्यांच्या करडईत मोकाट जनावर मात्र बिनधास्त शिरते. म्हणून मी रानात मध्ये बिनकाट्यांची पेरतो आणि बांधाकडून काट्यांची चार तासं ठेवतो. ती चार तासं मी स्वतः काढतो, घरच्या बायकांना लावत नाही.