पाहुणे खाचर बघायला येतात

चीनच्या गावात राहून आलात, तिथं काय बघितलंत ते सांगा, असं बऱ्याच जणी विचारतात. आज तेच सांगतो.

आम्ही बचत गटाच्या पाच जणी, सगळ्या भातपट्ट्यातल्या. गावात पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या असं आमचं वर्षभर चाललं होतं. घरामागची दोन खाचरं सपाट करायची आणि चार खोल्या बांधायच्या. कर्जाचा अर्जही लिहून ठेवला होता. तेवढ्यात एका अभ्यासदौऱ्यात आमची नावं लागली.

दक्षिण चीनमध्ये ग्वांग्शी नावाचा प्रदेश आहे. तिथल्या ग्वेलिन शहरापासून दोन-तीन तास गाडीनं गेलं की लोंगजीचा डोंगर लागतो. लोंगजी म्हणजे ड्रॅगनच्या पाठीचा कणा. शेकडो वर्षांपासून तिथल्या लोकांनी डोंगर खणून पायरीसारखी भातखाचरं केली आहेत. माथ्यावर रान, त्याखाली घरं, घरांखाली खाचरं आणि तळाला ओढा. रानात मुरलेलं पाणी पाटानं एका खाचरातून दुसऱ्यात उतरतं. काही खाचरं एवढी लहान की आपलं घोंगडं अंथरलं तर झाकून जातील.

आमचा मुक्काम दाझाई गावात होता. हे लाल याओ लोकांचं गाव. तिथल्या बाया लाल भरतकामाचे कपडे घालतात, त्यावरून हे नाव पडलं. केस गुडघ्याच्या खाली. आंबवलेल्या तांदळाच्या धुवणानं केस धुतात म्हणे. आपण ते धुवण गुरांना घालतो!

गाडी खालीच थांबते. पुढं दगडी पायऱ्या चढायच्या. पाठीला करंडा बांधलेल्या बाया सामान न्यायला उभ्या होत्या. आमच्या आईच्या वयाची एक जण पुढं आली. तिच्या पाठीवर पिशव्या द्यायची आम्हाला लाज वाटली, म्हणून नको म्हणालो. तिचा चेहरा उतरला. दुभाषी मुलगी म्हणाली, "ताई, तुमच्या लाजेनं तिची आजची मजुरी बुडते." मग दोन पिशव्या दिल्या, घासाघीस न करता.

घर लाकडी, तीन मजली. पूर्वी तळात गुरं असायची, मधे माणसं आणि वर धान्य. आता वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या आहेत. भिंती फळ्यांच्या. शेजारच्या खोलीत कोणी कूस बदलली तरी ऐकू येतं. पण चादर स्वच्छ, गरम पाणी होतं, आणि खिडकी उघडली की खाली पाण्यानं भरलेली खाचरं. जूनचा पहिला आठवडा होता, आवणी चालू होती.

घरमालकीण साधारण आमच्याच वयाची. चुलीवर डुकराचं मांस धुराला टांगलेलं. आमच्यातल्या दोघी माळकरी, त्यांच्या पोटात गोळा आला. भाजीतसुद्धा डुकराची चरबी घालतात तिथं. दुभाषीकडून सांगितल्यावर बाईनं कढई घासली आणि तेलात भोपळा करून दिला. बांबूच्या नळीत भरून विस्तवावर भाजलेला चिकट भातही दिला. सकाळी तेलात परतून कुटलेल्या चहाचं खारट पाणी, त्यात फुललेले तांदूळ आणि शेंगदाणे. पहिला घोट जड गेला, दुसऱ्या दिवशी आम्हीच मागून घेतला.

संध्याकाळी आम्ही तिला आमचा बेत सांगितला. दोन खाचरं मोडून खोल्या बांधणार म्हटल्यावर ती खिडकीकडं बोट दाखवून म्हणाली, "हे नसेल तर माझ्याकडं झोपायला कोण येईल?" मग तिनं सगळं समजावलं. एक खाचर पडीक पडलं की बांध फुटतो आणि खालच्याचंही जातं. म्हणून डोंगर बघायला येणाऱ्यांच्या तिकिटातला वाटा गावाला मिळतो, आणि ज्याची खाचरं लावलेली असतात त्याच्या पदरात तो पडतो. खोल्या असोत की नसोत.

आमच्या पिशव्या वाहणारी आजी दुसऱ्या दिवशी आवणीत वाकलेली दिसली. तिचं घर लहान, पाहुणे ठेवायला जागा नाही. पण खाचरं आहेत, म्हणून वर्षाला तिलाही वाटा मिळतो. सगळं गोड आहे असं नाही. तरणी पोरं शहरात कामाला जातात, आणि भर पावसात वाकणारे हात म्हाताऱ्यांचेच. मोठ्या घरांची कमाई मोठी, हेही दिसलं.

परत आल्यावर आमच्या गटात भांडण झालं. आम्ही म्हणालो, खाचरं मोडायची नाहीत. जुन्या घराच्या माडीवर दोनच खोल्या नीट करू, आणि प्रत्येक पाहुण्यामागं वीस रुपये बांधाच्या डागडुजीला काढू. जी खाचर लावेल, तिला ते मिळतील. एक जण उसळली, "चादरी मी धुणार, पहाटे उठून चहा मी करणार, आणि पैसे दुसरीला का?" तिचंही खोटं नव्हतं. तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं, आधी राबणारीची मजुरी वेगळी काढायची, मग वाटा. ती अजून पुरती पटलेली नाही, पण सहीला आली.

कर्जाचा जुना अर्ज आम्ही फाडला. नवा लिहिला, निम्म्या रकमेचा. यंदा ती दोन खाचरं लावली आहेत. पहिले पाहुणे दिवाळीनंतर येतील, तेव्हा भात कापणीला आलेला असेल.

तुमच्या गावात खोल्या काढायचा विचार असेल तर बैठकीत एवढंच विचारा: पाहुणे काय बघायला येणार आहेत, आणि ते राखतंय कोण? राखणारीला काय मिळणार, हे खोलीचं भाडं ठरवायच्या आधी वहीत लिहा.