मागे घेतलेलं वाक्य

मी मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये राहतो. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघर आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तिथे मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या एका तरुणीला आणि ते ‘लाइक’ करणाऱ्या मैत्रिणीला अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्या रात्री मी लेकीला म्हणालो, “बेटा, काही लिहू नकोस.” कवी असून!

‘त्रासदायक’ म्हणजे नेमकं काय, हे कलमात स्पष्टच नव्हतं. २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. धमकी, बदनामी यांसाठी इतर कायदे आहेतच. कलम गेलं, माझं वाक्य मात्र घरातच राहिलं. आज ते मागे घेतो. बेटा, विचार करून लिही, पण लिही.