नेट चालत नाही, म्हणजे नक्की काय अडलंय?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील माहितीपर भाषण)



मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर आता आपल्यालाही लागतो. सातबारा बघायचा असतो, गटाचा हिशेब टाकायचा असतो. तो अडला की आपण म्हणतो, ‘नेट चालत नाही,’ आणि दुरुस्तीवाल्याला बोलावतो. त्याआधी थोडं आपणच बघू.

एकच साइट अडलीय की सगळ्याच? सगळ्याच अडल्या असतील तर राउटर बंद करा, मिनिटभरानं परत लावा. एकच अडली असेल तर तीच साइट मोबाइलच्या डेटावर उघडा. तिथंही उघडत नसेल, तर बहुधा दोष त्यांच्याकडचा. अर्जाच्या शेवटच्या दिवशी गर्दी होतेच, संध्याकाळी बघा. मोबाइलवर उघडते आणि कॉम्प्युटरवर नाही, तर ब्राउझरमध्ये जुनं काही साठलेलं असू शकतं. कंट्रोल, शिफ्ट, डिलीट ही बटणं एकत्र दाबा आणि फक्त ‘कॅश’ पुसा. पासवर्डच्या ओळीवर खूण नको, नाहीतर साठवलेले पासवर्डही जातील.

कधी कधी प्रत्येक साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघा. कॉम्प्युटरच्या आत रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२ म्हणून मागतात. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागं जातं. प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. तारीखच चुकीची, म्हणून कॉम्प्युटर ते प्रमाणपत्र मानत नाही. तारीख सुधारा, सेल बदलून घ्या. पण तारीख बरोबर असूनही बँकेच्या साइटवर हे आलं, तर पुढं जायचं नाही.

आता खरी काळजीची गोष्ट. अचानक लाल पाटी येते, भोंगा वाजतो, ‘व्हायरस शिरलाय, या नंबरवर फोन करा.’ बायांनो, ही पाटी म्हणजे घाबरवायला बनवलेलं एक पान असतं. त्या नंबरवर फोन केलात की ते एक ॲप घ्यायला लावतात, त्यातून तुमचा कॉम्प्युटर लांबून चालवतात आणि बँकेचं खातं उघडायला सांगतात. फोन करू नका. आल्ट आणि एफ ४ दाबा. नाहीच गेलं, तर चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा. परत ब्राउझर उघडल्यावर ‘रिस्टोर’ विचारेल, ते घेऊ नका.

आणि घरात कुणी फोन केलाच असेल, सुनेनं म्हणा, पोरानं म्हणा, तर आधी ओरडू नका. ओरडण्याच्या भीतीनं माणूस दोन दिवस लपवतो आणि तेवढ्यात पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत जातात. नेट तोडा. बँकेला सांगून खात्यातले व्यवहार थांबवा. लगेच १९३० लावा, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक विचारतील, तो मेसेज पुसू नका.