मोठ्या आतड्याचा प्रगत कर्करोग : औषधोपचारांची वाटचाल



मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला असे कळताच अनेक कुटुंबे ‘आता काय उपयोग?’ म्हणून उपचार सोडून देतात. चाळीस वर्षांपूर्वी या निराशेला आधार होता. आज तो तितकासा उरलेला नाही.

१९५७ साली अमेरिकेत चार्ल्स हायडेलबर्गर यांनी फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल हे औषध पुढे आणले. त्यानंतर सुमारे चार दशके वैद्यकाची सारी भिस्त त्याच्यावरच होती. ल्युकोव्होरिनची जोड देऊनही आयुष्य लाभे ते साधारण वर्षभराचे.

पुढच्या औषधाचा धागा आपल्या खानदेशाशी जुळतो. मूळचे नंदुरबारचे डॉ. मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासमवेत एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले व १९६६ साली ते जगापुढे मांडले. (सह्याद्रीतील नरक्यातही तेच द्रव्य आहे; त्यापायी या झाडाची बेसुमार तोड झाली, ही खेदाची बाब.) मूळ द्रव्य रुग्णांना सोसवेना. त्यात फेरफार करून जपानमध्ये आयरिनोटेकान तयार झाले आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. पेशी दुभंगताना डीएनएचा पीळ सैल करावा लागतो. ते काम करणाऱ्या एंझाइमलाच हे औषध अडकवून ठेवते. ऑक्झॅलिप्लॅटिनही जपानचेच. ते घेणाऱ्याच्या बोटांना थंड पाण्याच्या स्पर्शानेही झिणझिण्या येतात, हे घरच्यांनी ध्यानी ठेवावे.

२००४ पासून बेव्हॅसिझुमॅब, सेटुक्सिमॅब ही लक्ष्यवेधी औषधे आली. आता मोठ्या चाचण्यांतील निम्मे रुग्ण अडीच वर्षांच्या आसपास वा त्याहून अधिक जगतात. काहींच्या यकृतातील गाठी आक्रसून शस्त्रक्रिया शक्य होते. त्यांतील थोडे पूर्ण बरेही होतात. मात्र सेटुक्सिमॅब आरएएस जनुकात बिघाड असलेल्यांना लागू पडत नाही. उलट शंभरांतील चार-पाच रुग्णांच्या गाठीत एमएसआय हा विशेष आढळतो. त्यांना पेम्ब्रोलिझुमॅबचा केमोथेरपीपेक्षाही अधिक लाभ होतो, हे २०२० मध्ये दिसून आले. म्हणून महागड्या औषधाआधी गाठीच्या तुकड्याच्या या तपासण्यांविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यावयाच्या असतात. चोविहार पाळणाऱ्या रुग्णाने गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात. उपवासही त्यांना सांगितल्यावाचून करू नये. आणि केमोथेरपी चालू असता रात्री-अपरात्री ताप चढला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.