पायघड्यांत अडकलेले चाक

सभागृहाच्या पायऱ्यांशी व्हीलचेअर येऊन थांबली की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : “काळजी नको, चार पोरं आहेत, उचलून घेऊ.” म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पोरेही खरोखर धावतात. मग एक प्रौढ माणूस, कदाचित त्या दिवसाचा वक्ताच, सगळ्यांदेखत खुर्चीसकट पालखीसारखा वर जातो. कुणाचा हात निसटेल या धाकाने त्याचा घसा कोरडा पडलेला असतो. पुढच्या वर्षी निमंत्रण आले की तो प्रकृतीचे कारण सांगतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. आधीच्या, १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ आहेत. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांतील १५ (१) हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. कारण कायदा ज्याला सक्ती म्हणतो, ते या नियमाने नुसत्या मार्गदर्शक सूचनांवर आणून ठेवले होते. सक्तीचे नियम करायला सरकारला तीन महिने मिळाले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातच सुमारे २९.६ लाख दिव्यांग नोंदले गेले. तेव्हा हा प्रश्न दोन-चार आसनांचा नाही.

पण इमारत सुगम झाली म्हणून कार्यक्रम सुगम होत नाही. याचा पुरावा व्यासपीठ. उताराचे साधे प्रमाण एकास बारा : तीन फूट उंच व्यासपीठाला छत्तीस फूट लांबीचा उतार लागतो, शिवाय मध्ये विसाव्याची सपाट जागा. मांडववाला आठ फुटी फळी टाकून देतो. तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी. मंच एक फुटावर आणला तर बारा फुटांत भागते. पण मान्यवरांना उंच बसवण्याची हौस आडवी येते. आसनव्यवस्था करताना दिव्यांग माणूस श्रोता म्हणून तरी आठवतो. अध्यक्ष किंवा वक्ता म्हणून तो येईल, हे कुणाच्या डोक्यातच नसते. सन्मानासाठी अंथरलेल्या पायघड्यांच्या सुरकुत्यांत पुढची छोटी चाके अडकतात, तो भाग वेगळाच.

ऐकण्याची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. “मला माईक लागत नाही,” असे अभिमानाने सांगणारे खणखणीत आवाजाचे वक्ते प्रस्तुत वक्त्याने बरेच ऐकले आहेत. काही श्रवणयंत्रांत तारेचे एक बारीक वेटोळे असते. सभागृहात इंडक्शन लूप बसवलेला असेल तर माईकमधला आवाज त्या वेटोळ्यातून थेट कानात पोहोचतो, खोकला आणि खुर्च्यांची खडखड मागे राहते. माईकच नाकारला तर पोहोचवायचे काय? श्रोत्याचा प्रश्न वक्त्याने माईकमधून पुन्हा सांगावा, यालाही एक पैसा पडत नाही. सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन हवेत, आलटून-पालटून काम करायला. हात आणि मेंदू दोन्ही थकतात. आणि पडद्यावर चित्रे दाखवायची म्हणून दिवे घालवले की दुभाषीही अंधारात जातो. त्याच्यावर एक दिवा राहू द्यावा.

पडद्याकडे बोट करून “हे पाहा” म्हणणारा वक्ता अंध श्रोत्याला तेवढ्यापुरता सभागृहाबाहेर काढतो. मुळात निमंत्रणच अनेकदा पोहोचलेले नसते. व्हॉट्सअॅपवर सुबक पत्रिकेचा फोटो जातो, आणि मजकूर वाचून दाखवणारा फोन फोटोपुढे बहुधा गप्प राहतो. खाली दोन ओळी टंकलेल्या असत्या तर काम झाले असते.

जमत नाही असे मात्र नाही. मतदान घ्या : एका दिवसाचा, गावोगावच्या शाळाखोल्यांत भरणारा कार्यक्रम. तरी मतदानयंत्रावर ब्रेल अंक असतात आणि केंद्रावर रॅम्पची अपेक्षा धरलेली असते. गोव्यात २०२२ च्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दिव्यांगांसाठीच्या विभागात ‘गांधी’ चित्रपट ध्वनिवर्णन आणि उपशीर्षकांसह दाखवला गेला. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांसाठीचा पर्पल फेस्ट हा महोत्सव भरला. त्याच पणजीत २०१६ साली एका चित्रपटगृहात राष्ट्रगीताला उभा राहिला नाही म्हणून एका लेखकाला मागून मारहाण झाली होती. तो व्हीलचेअर वापरणारा होता. त्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट करावे लागले की उभे राहता न येणाऱ्यांवर उभे राहण्याची सक्ती नाही. तरी आजही “सर्वांनी उभे राहावे” हीच घोषणा होते. “ज्यांना शक्य आहे त्यांनी” हे चार शब्द निवेदकाच्या कागदावर अजून उतरायचे आहेत.

संयोजकांनी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एक रिकामी व्हीलचेअर घेऊन वाहनतळापासून मंचापर्यंत जावे, आणि मग स्वच्छतागृहापर्यंत. तिथेच खरी गोम असते. दोन तासांच्या व्याख्यानासाठी सकाळपासून पाणी न पिता येणारी माणसे आहेत. चाकाच्या खुर्चीची पाटी दारावर असते, आत बादल्या आणि मोडके स्टँड असतात, कुलपाची किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई जेवायला गेलेला असतो. दार आत उघडणारे असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लागतच नाही. आदल्या संध्याकाळी हे कळले तर बिजागऱ्या फिरवायला सुतार मिळतो.