डॉक्टरांना रोजाबद्दल सांगा



मित्रमैत्रिणींनो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक साधा नियम आहे: वापरणाऱ्याला काय हवंय, त्याचा दिवस कसा जातो, हे विचारल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. दवाखान्यात मात्र हा प्रश्न बऱ्याचदा राहून जातो. चिठ्ठी मिळते, आपण 'जी डॉक्टरसाब' म्हणतो आणि निघतो.

याचा फटका रमजानमध्ये बसतो. डॉक्टर म्हणतात, ‘तुम्हाला शुगर आहे, रोजे ठेवू नका.’ अब्बा मान हलवतात आणि घरी येऊन रोजा ठेवतात. गोळी कधी घ्यायची, हे स्वतःच ठरवतात. हे आपल्याकडेच घडतं असं नाही. 2001 मध्ये 13 देशांतल्या 12 हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेहींचा ‘एपिडायर’ नावाचा अभ्यास झाला. टाइप 2 मधुमेह असलेल्यांपैकी जवळपास 79 टक्के लोकांनी किमान 15 रोजे ठेवले होते. त्यांच्यात साखर अतिशय उतरून रुग्णालयात जावं लागण्याचं प्रमाण रमजानमध्ये सुमारे साडेसात पट झालं.

म्हणजे लोक रोजे ठेवतातच. प्रश्न एवढाच, डॉक्टरांना सांगून की लपवून?

यावरचा उपाय म्हणजे निर्णय दोघांनी मिळून घेणं. ग्लिन एल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये याच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिली, इथे निवड करायची आहे हे रुग्णाला सांगणं. दुसरी, प्रत्येक पर्यायाचा फायदा आणि धोका समजावणं. तिसरी, रुग्णाला काय महत्त्वाचं वाटतं ते ऐकून निर्णयापर्यंत येणं. औषधाचं ज्ञान डॉक्टरांकडे असतं. पण हमाली करतो की दुकानात बसतो, घरी एकटा असतो का, मागच्या रमजानमध्ये चक्कर आली होती का, हे फक्त रुग्णालाच ठाऊक असतं.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या रमजानविषयक मार्गदर्शनात नेमक्या याच गोष्टींना गुण दिले आहेत. बेरीज 3 पर्यंत असेल तर धोका कमी, 6 च्या वर गेली तर जास्त. म्हणजे सगळ्यांना एकच उत्तर नाही. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याला साखर उतरण्याचा धोका कमी असतो. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला तो जास्त. सकाळची ग्लिमेपिराइड बहुधा इफ्तारच्या वेळेला नेली जाते, पण किती आणि कशी, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा लगेच सोडायचा, हेही त्याच मार्गदर्शनात आहे. आजाऱ्याला सवलत सूरह अल-बकरामध्येच दिलेली आहे. ती घेणं म्हणजे ईमान कमी असणं नव्हे.

काही जण म्हणतील, ओपीडीत एवढा वेळ कुठे? खरं आहे, रांग मोठी असते. म्हणूनच तयारी आपण करायची. ही भेट रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी, म्हणजे रजब महिन्यातच व्हायला हवी. सोबत गोळ्यांची पाकिटं, एचबीएवनसीचा रिपोर्ट आणि ग्लुकोमीटरच्या नोंदी घेऊन जा. तीन प्रश्न कागदावर लिहून न्या: माझ्यापुढे पर्याय कोणते? प्रत्येकाचा फायदा-धोका काय? माझ्या बाबतीत तो किती?

हे विचारणं उद्धटपणा नाही, आपला हक्क आहे. समीरा कोहली खटल्यात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती खरी संमती नाही.

शेवटी एक गोष्ट तरुणांसाठी. अम्मीला दवाखान्यात नेता तेव्हा डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं तुम्हीच देऊ नका. शरीर तिचं आहे, रोजा तिचा आहे. तिला बोलू द्या. तिला मराठी किंवा इंग्रजी जड जात असेल तर फक्त दुभाषी व्हा. निर्णय तिचा आणि डॉक्टरांचा असू द्या.