जपानी शिस्त आणि कचऱ्याचे राजकारण
(नेरूळ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



नेरूळ-वाशीच्या अनेक घरांतून हल्ली कोणी ना कोणी जपानला जाऊन आलेले असते. संगणकाच्या कामासाठी गेलेली आपली पुष्कळ मंडळी टोकियोच्या एदोगावा विभागात, निशी-कासाई स्थानकाच्या परिसरात राहतात. भारतातून जाऊन तेथले नागरिक झालेले योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ साली याच विभागाच्या सभागृहावर निवडून आले. परतणाऱ्यांचे सांगणे बहुधा एकाच साच्याचे असते. गाडीत कोणी मोठ्याने बोलत नाही, रांग मोडत नाही. कचरा वेगवेगळा करून ठरल्या दिवशीच बाहेर ठेवतात. शाळेतील मुले आपला वर्ग स्वतः झाडतात. हे सारे खरे आहे. आक्षेप आहे तो त्यापुढच्या वाक्याला. ‘आपल्या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही’ हे ते वाक्य. आणि त्यातले ‘आपले लोक’ म्हणजे बोलणारा सोडून बाकीचे, विशेषतः झोपडपट्टीतले!

रक्ताचा हा सिद्धान्त टोकियोच्याच इतिहासावर घासून पाहू. १९६५ साली एदोगावाला लागून असलेल्या कोतो विभागात माश्यांचे थवे घराघरांत शिरले. समुद्रात भराव घालून केलेल्या युमेनोशिमा या जागी शहराचा कचरा ओतला जाई, तेथून त्या आल्या होत्या. युमेनोशिमा म्हणजे स्वप्नबेट. (स्वप्न कोणाचे, हे विचारायला हरकत नाही.) शहराच्या दुसऱ्या बाजूला सुगिनामी हा सुखवस्तूंचा विभाग. कचरा जाळण्याची भट्टी आमच्या शेजारी नको, असे तेथील रहिवासी म्हणत. कचरा मात्र कोतोच्या रस्त्यांवरून जातच होता. समाजवादी व कम्युनिस्ट पक्षांच्या पाठिंब्याने १९६७ साली निवडून आलेले गव्हर्नर मिनोबे यांनी १९७१ साली ‘कचरायुद्ध’ पुकारले. तरीही गाडे हलेना, तेव्हा १९७२ व १९७३ साली कोतोच्या लोकांनी सुगिनामीच्या कचरागाड्या रस्त्यात अडविल्या. आपापल्या विभागाचा कचरा आपणच निस्तरावा, हे तत्त्व या झगड्यातून पुढे रेटले गेले आणि सुगिनामीतही अखेर भट्टी उभी राहिली. आज पाहुण्याला जी सौजन्यपूर्ण सवय दिसते तिच्यामागे अडवलेल्या गाड्याही आहेत.

दुसरी गोष्ट बोलण्याची. काम संपवून निघताना जपानी सहकारी एकमेकांना ‘ओत्सुकारेसामा’ म्हणतात. आपण कष्ट घेतलेत, दमलात, असा त्याचा भाव. श्रमाची अशी रोजची दखल घेणारा शब्द आपल्या व्यवहारात नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे. परंतु तेथेही वरिष्ठाने कनिष्ठाला म्हणावयाचा शब्द वेगळा आहे, ‘गोकुरोसामा’. कनिष्ठाने तो साहेबाला म्हटला तर उद्धटपणा ठरतो. कंबरेत किती वाकावे, हेही समोरच्याच्या पायरीवरून ठरते. आणि अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूसाठी ‘करोशी’ हा स्वतंत्र शब्द याच देशाला घडवावा लागला. तेव्हा शिष्टाचाराची नुसती आरती करून भागणार नाही. त्यात माणुसकी किती आणि उतरंड किती, हे निवडून घ्यावे लागेल.

आता आपल्या दाराशी येऊ. स्वच्छ शहरांच्या राष्ट्रीय यादीत नवी मुंबई वरच्या क्रमांकांवर असते, आणि तिचा कचरा तुर्भ्याच्या क्षेपणभूमीवर जातो. तुर्भे म्हणजे आपले कोतोच. आपल्या सोसायट्यांतून ओला-सुका एकत्र कोंबलेली पिशवी निघते, ती फोडून कोणीतरी हातांनी निवडते. ती बाई आपल्या आईच्या वयाची असली तरी तिला ‘अगं’ म्हणण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. साहेबाला ‘आपण’ म्हणताना आपले व्याकरण कधी चुकत नाही, हेही ध्यानात घ्या.

पुढल्या महिन्यात सोसायट्यांच्या सभांना जाल, तेव्हा जपानची महती अवश्य ऐकून घ्या. नंतर विचारा, आपल्या फाटकातून तुर्भ्याला रोज किती कचरा जातो, तो भरणाऱ्या कंत्राटी कामगाराचे नाव येथे कोणाला ठाऊक आहे, आणि त्याला हातमोजे कोण देतो?